स्वप्नालीची पत्रिका आणि मशीनच्या पोटातलं मशीन

लोणखेडा, गुरुवार

विसरवाडीकर भूपेशराव यांस दाजी हिलालचा भरघोस रामराम. तुमचा गुडघा आता वळत असेल, वहिनी आणि पोरं खुशाल असतील, असं धरून चालतो. इकडे सर्व उत्तम. तुमच्या भाचीचं, आमच्या स्वप्नालीचं, लग्न नऊ दिवसांवर आलं. मामा म्हणून तिच्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आता पराक्रम ऐका. ज्या कॉम्प्युटरवर (तुम्ही त्याला डबडं म्हणायचा) मी वीस वर्षं लग्नपत्रिका तयार केल्या, त्यानं ऐन घरच्या लग्नात मान टाकली. मी लगेच नवा लॅपटॉप आणला. घरी आल्यावर कळलं की यातला प्रोसेसर नव्या जातीचा आहे आणि माझं जुनं विंडोज, पत्रिकेचं सॉफ्टवेअर, नक्षीदार अक्षरं, यातलं काहीच तो ओळखत नाही. दुकानदार ललित म्हणाला, "आबा, हाऊ प्रोसेसर नवा शे, तुमनं जुनं काम चालाव नही." मला सांगतो! मी व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर उतरवलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. पहिल्यानं नकार दिला, कारण तेही जुन्याच प्रोसेसरसाठी बनलेलं. मग असं शोधलं, जे जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करतं. (नक्कल करताना बिचारं फार दमतं. 'श्री' दाबलं की तुमची बहीण शोभा चहा ठेवायची. 'गणेश प्रसन्न' उमटेपर्यंत कप धुऊन व्हायचे.) पण चाललं, आणि ललितला मुद्दाम बोलावून दाखवलं.

यात आणखी एक सोय आहे. चालत्या मशीनचा जणू फोटो काढून ठेवता येतो. पुढे बिघडलं तर बटण दाबून त्या घडीला परत जायचं. सोमवारी मी तसा फोटो काढला. मंगळवारी दिवसभर बसून उरलेली नावं घातली. बुधवारी सकाळी मशीन गोठलं. दुसरा कोणी हबकला असता. मी बटण दाबलं, मशीन टुणकन उभं राहिलं, आणि दुपारपर्यंत सहाशे पत्रिका छापून वाटपालाही गेल्या. (पुन्हा वाचून बघणं हे नवशिक्यांचं काम.) एक सोबत जोडली आहे. छपाई बघा.

आपला,
हिलाल

ता. क. पत्रिकेत स्वतःचं नाव शोधू नका. मंगळवारी घातलेलं काहीच सोमवारच्या मशीनमध्ये नव्हतं, आणि मंगळवारी मी मामाकडचीच नावं घातली होती. शोभानं पत्रिका वाचून एवढंच विचारलं, "मन्हा भाऊनं नाव कोठे शे?"

आणखी एक. दोष प्रोसेसरचा नाही, माझा आहे. फोन करायचा धीर झाला नाही. स्वप्नाली रडते आणि म्हणते, मामा उना नही तर मी मांडवमा उभी ऱ्हावाव नही. भूपेशराव, रागवा, पण या.

शेवटचं. घरोघर फिरून पत्रिका परत मागतोय आणि प्रत्येकीवर तुमचं नाव हातानं लिहितोय. फक्त विसरवाडीला गेलेल्या चाळीस पत्रिका राहिल्या, त्या तुमच्याच भाऊबंदांकडे आहेत. पाकिटात पेन ठेवला आहे. तेवढ्यांवर तुम्हीच लिहून टाका, आणि 'मामा' जरा मोठ्या अक्षरात काढा.