ओ देणारं टेकाड

२ एप्रिल, मेइजी सव्वीस (१८९३)

पोहोचलो एकदाचा! खालच्या गावाहून चढताना घोडेवाल्याला विचारलं, नदी कुठे? तो म्हणाला, काल तिकडे होती, आज इकडे आहे, उद्याचं तुम्ही सांगा, तुम्ही कॉलेजातले. मी मोठ्याने हसलो. कॉलेज अर्ध्यावर टाकून आलोय हे त्याला कशाला सांगू?

पण दरी बघून छाती भरून आली. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी डोंगराची उत्तरेकडची अख्खी बाजू धडाधडा खाली आली, वरचं गाव गाडून गेली आणि नदीचा गळा आवळून बसली. भातखाचरं होती तिथे आता टेकाडंच टेकाडं, आणि त्यांच्या मधेमधे निळी-हिरवी तळी. वर अडलेल्या पाण्याचं सरोवर अजून फुगतंच आहे. देवळाची कमान पाण्यात गुडघाभर उभी आहे. सरोवराचा सांडवा एकदम खचू नये म्हणून त्याच्या तोंडाशी दगड आणि झुडपांच्या मोळ्या रचत राहायचं, हे आमचं काम. मोहेई मुकादमाने माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, हे हात आहेत की टोफू? पाण्यात घालू नकोस, विरघळतील.

नुई इथेच आहे. तोक्योत आमच्या खाणावळीत काही महिने कामाला होती, हिवाळ्यात सासूने परत बोलावून घेतलं. आता मजुरांचा स्वयंपाक तीच करते. मला बघितलं आणि तिच्या हातातली पळी पडली. आयुष्यात इतकं गोड काही वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.

९ एप्रिल

ती माझ्याशी धड बोलत का नाही ते आज कळलं. ती विधवा आहे हे ठाऊक होतं. नवरा टेकाड आहे हे ठाऊक नव्हतं.

झालं असं. गाव गाडलं गेलं तेव्हा जी माणसं खालच्या गावात होती तेवढी वाचली. नुई माहेरी होती, सासू तोरा वैद्याकडे गेली होती. परत येऊन बघतात तर कुणाचं घर कुठे याचा पत्ता नाही. नदीची खूण धरावी, तर नदीच जागेवर नाही. मग बायका ढिगाऱ्यावर हिंडत आपापल्या माणसाला हाका मारत सुटल्या. हाकेसरशी ज्या टेकाडावरून दगड घरंगळला, त्याने ओ दिली. ते आपलं माणूस. तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा तिथे भाताचे गोळे, मुळ्याचं लोणचं, थोडी तांदळाची दारू, साके. हाक मारायची, दगड आला की वाढायचं.

नदीपलीकडचं थोरलं टेकाड म्हणजे नुईचा नवरा, तोमेकिची. ती तोक्योत होती तेवढे महिने तोराने वाढलं. तोरा त्याच्याकडे सुनेच्या चहाड्या करते. परवा माझीही केली म्हणे, तुझ्या बायकोवर एक तोक्योवाला डोळा ठेवून आहे रे बाळा. मजूर पोट धरधरून हसले. मी तापलो आणि सरळ म्हातारीकडे नुईला मागणी घातली. ती म्हणाली, मला काय विचारतोस, तिच्या नवऱ्याला विचार. आणि हनुवटीने नदीपलीकडे दाखवलं.

मातीचा ढीग माझा सवतीसारखा वैरी! ह्या ढिगापुढे मी हरायचं?

१७ एप्रिल

बर्फ वितळू लागलं आहे. नदीला फुगवटा आला की ती हा भुसभुशीत भराव खरवडत खोल जाते, काठ कोसळतात, आणि तीच माती खाली नेऊन लोकांच्या शेतांवर पसरते. काल तिने थोरल्या टेकाडाचा पायथाच उभा चिरला.

मी वाकून बघितलं. तळाशी काळा चिखल, त्यात भाताची धसकटं, दाराची मोडकी चौकट. ती जुनी जमीन. आणि तिच्यावर लाल, पिवळे, राखी पट्टे, एकसलग. वर डोंगराच्या फुटक्या तोंडाकडे बघितलं. तेच पट्टे, त्याच क्रमाने! टेकाड म्हणजे डोंगराच्या पोटातला अख्खा तुकडा, न विस्कटता घसरत आलेला. त्यात माणूस कुठून असणार? माणसं खाली, चिखलात, चिरडलेली.

मी आनंदाने उडी मारली. मेलेल्यावर आनंद, हो. लाज वाटत नाही.

१८ एप्रिल

जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टेकाडांत कुणी नाही, तुम्ही पाच वर्षं डोंगराच्या आतड्यांना जेवू घालताय. तोराने मला कुत्र्या म्हटलं. मुकादमाचा घास हातातच राहिला. नुईने पळी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं तिने, मग मला इतकी वर्षं ओ देतंय ते कोण?

मी म्हटलं, गुरुत्वाकर्षण.

कुणी हसलं नाही.

२५ एप्रिल

जिंकलो. पंधरवडा येऊन गेला, नुई गेली नाही. तिचं बघून इतर बायकाही गेल्या नाहीत. खालच्या गावात तिचं माहेर आहे, म्हणून वरच्या खिंडीतून जायचं; तिथलं बर्फ हटलं की माझ्याबरोबर यायचं तिने कबूल केलं आहे. कबूल करताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पण असो.

दगड मात्र हल्ली दिवसभर घरंगळतात. कुणी हाक न मारता.

३० एप्रिल

थोरलं टेकाड नदीच्या अलीकडे आहे.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. जुना प्रवाह गाळाने भरला, नदीने टेकाडाच्या पाठीमागून नवी वाट कापली. सरकली ती नदी, टेकाड नव्हे. अशा दरीत हे व्हायचंच. मुकादमही म्हणाला, खरं आहे, नदीच ती. मग त्याने आपलं अंथरूण त्या बाजूच्या भिंतीपासून उचलून दुसरीकडे टाकलं.

मी इतकं छान समजावलं, आणि रात्री मीही माझं अंथरूण उचलून त्याच्या शेजारी टाकलं.

४ मे

नुई पुन्हा भाताचे गोळे वळताना दिसली. माझं डोकं फिरलं. ताट भिरकावलं, पहार घेतली आणि तिच्यादेखत टेकाडाचा पायथा फोडला. ओरडलो, तोमेकिची, असशील तर ये बाहेर, तुझी बायको न्यायला आलोय!

एक दगड आला नाही. एकही नाही.

आतली माती ऊन होती. तिला शिजल्या भाताचा वास येत होता.

नुई म्हणाली, आजवर मी हाक मारायचे ती जेवायला. तू ये म्हणालास.

७ मे

खोपटाच्या उंबऱ्याशी लाल-पिवळा चिखल. पाणी इतकं वर आलेलं नाही— मी स्वतः जाऊन बघितलं.

तोरा आता त्याला बाळ म्हणत नाही. नुसतं ‘ते’ म्हणते.

नुईला म्हटलं, आत्ताच निघू. खिंड उद्या मोकळी होईल म्हणतात. उद्या, नक्की. तिने बोचकं बांधलं आहे. मी बांधलेलं बघितलं— म्हणजे येणार. येणारच.

८ मे

सकाळीच सांडव्याचं तोंड खचलं. मी मोळ्या टाकत होतो— सगळं सरोवर पाठीवर आल्यासारखं— पळालो. उंच म्हणून दुसरं काही नव्हतंच—

थोरल्यावर चढलो आहे. भोवती पाणी. मुकादम दोर आणायला धावला. तो येईपर्यंत खिशातल्या वहीत हे—

पायथा तुटतोय. मी फोडला होता तिथूनच.

नुई! पलीकडच्या काठावर, बोचकं पाठीला. मला बघितलं तिने. तोंडाशी हात धरून हाक मारतेय. पाण्याच्या गर्जनेत आधी कळेना—

माझं नाव नाही.

त्याचं. अजिजीने. पानावर बोलवावं तसं.

समजलं. त्याला काठाशी आणते आहे, माझ्यासकट. मला वाचवायला. माझी शहाणी— आणि मी तुला ताट फेकून—

ओ आली. पायाखालून. दगडाचा आवाज नव्हे हा—

निघालंय. प्रवाहाच्या उलट. तिच्याच रोखाने.

तिच्या हातात आज काही नाही. रिकामे हात, नुई, ते महिन्याभराचं उपाशी आहे, मागे हो— मी ओरडतोय, तिला वाटतंय मी— हसतेय ती, पुढे येतेय— मागे हो, नुई, मा