वैजीनाथची छाती

परभणी,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, फसली सन १३५०

गोजरबाईंना दिनकर मास्तराचा रामराम.

तुम्ही खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे थंडी बरी पडली आहे. कापसाच्या गाड्या दिवसभर जिनिंगकडे जातात, सगळी धूळ वर्गात येते आणि पोरं शिंकत बसतात. पौषात जिल्ह्याचे तालुकदारसाहेब शाळेच्या मुआयन्याला, तपासणीला येणार, म्हणून बँडची तालीम रोज चालू आहे. मोठ्या ढोलाचं चामडं थंडीनं सैल पडतं, ते उन्हात ठेवावं लागतं.

समोर असलात की मी तुम्हाला 'गोजरे' म्हणतो आणि कागदावर 'बाई' लिहितो, हे माझं मलाच आता दिसलं. असो. हे पत्र वैजीनाथच वाचून दाखवील, तुमच्या वस्तीत दुसरं कोण वाचणारं आहे? वैजीनाथा, सावकाश वाच.

तुमच्या गावचा लिंबाजी, आमच्या शाळेचा चपराशी, काल सांगत होता, "गोजरबाई पोराला उंबऱ्याभाईर जाऊ देईना. राती उठून उठून त्याच्या छातीवर हात ठिवायलीय." ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. वैजीनाथचा काढा बंद करा. त्याला शाळेत धाडा.

का बंद करा, ते सांगायला हवं. सांगतो. पण आधी बँडचं सांगतो.

मुआयन्यासाठी मी भूपात एक गत बांधली आहे. आजवर पुष्कळ गती बांधल्या, त्यातल्या बऱ्याचशा कवायतीच्या, पाय उचलायला ठीक. ही मात्र मला साधली असं वाटलं होतं. मधे एक जागा अशी आहे की सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटं कार्नेट, ते फुंकायचं पितळी वाद्य, वर चढत जातं, एकाच दमात. ती जागा मी वैजीनाथच्या दमावर बांधली. त्याचा बाप आसाराम लग्नात सनई धरायचा तेव्हा पंगतीतली माणसं घास हातात धरून बसायची. तोच दम पोरात उतरला आहे.

आता ती जागा बन्सीधर वाजवतो. मुलगा गुणी आहे, त्याचा काही दोष नाही. पण त्याचा श्वास मधेच संपतो. म्हणून मी ती ओळ अर्धी कापली. तालुकदारसाहेबांना काय कळणार? पण मला रोज कळतं. ती जागा आली की मी पोरांकडे बघत नाही.

गोजरबाई, वैजीनाथची छाती कच्ची आहे म्हणून कार्नेट काढून घेतलं, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते खोटं होतं.

शाळेत कार्नेटं कमी आणि पोरं जास्त. एक कार्नेट दोघांत. आज वैजीनाथनं ओठाला लावलं की उद्या तेच बन्सीधरनं लावायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. बन्सीधरचे वडील किशनराव वकील एक दिवस तालमीच्या खोलीत आले. म्हणाले, "मास्तर, आमच्या पोरानं कुणाचं उष्टं तोंडात धरायचं, हे आता तुमी ठरवायलात का? त्या पोराला ढोल द्या. चामडं त्यांना चालतंय."

मी म्हणालो, "बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नाही."

एवढंच. नोकरी घालवीन असं ते बोलले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. मला धाक घालायची त्यांना गरजच पडली नाही.

मग पोराला काय सांगायचं? खरं सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं शोधायला बसलो. आणि शोधलं तेही कसं पाहा. आसाराम खोकून खोकून गेला, हे मला ठाऊक होतं. छातीचं नाव काढलं की त्या घरात कुणी उलट विचारणार नाही, हे मी मनात तोलून पाहिलं होतं. एका बाईच्या काळजाला कुठं हात घातला की ती गप्प बसेल, याचा हिशेब मी, शिकवणारा माणूस, शांतपणे करत होतो.

त्याच दिवशी कार्नेटची तोंडात धरायची तोटी मी चिंच लावून घासली, उकळत्या पाण्यात टाकली आणि बन्सीधरच्या हातात दिली. वैजीनाथ शेजारी बसून ढोलाचे दोर आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, बरं झालं, पोराला काही कळलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा मी.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही.

तुम्ही तांब्यात काढा घेऊन शाळेत आलात. आत आला नाहीत, निंबाखाली उभ्या राहिलात. म्हणालात, "मास्तर, लय दिस झाले अडुळसा पाजायलेय. आता तरी बगा की त्याची छाती. एक डाव फुकू द्या त्याला. ह्याचा बाप असाच गेला, माजा जीव थाऱ्यावर न्हाई." ओसरीवर दोन मास्तर उभे होते, बन्सीधरही होता. मी वैजीनाथच्या पाठीला कान लावला. आत काहीसुद्धा नव्हतं. नितळ श्वास, आणि धडधडणारं काळीज. मी मान वर केली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात.

तेव्हा तो खोकला. एकदा, आणि मी तरीही गप्प आहे असं पाहून पुन्हा एकदा.

आणि मी म्हणालो, "बघा, अजून घरघर आहे."

तुम्ही पदर डोळ्याला लावलात आणि त्याला घेऊन गेलात.

किशनराव बोलत होते तेव्हा वैजीनाथ खिडकीखाली उभा होता. हे लिंबाजीनं मला काल सांगितलं. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. तरी तो रोज तुमच्या हातचा कडू काढा प्यायला. खरं कारण तुमच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठी. आणि त्या दिवशी मास्तर अडकला म्हणून मास्तराला सोडवलं. गोजरबाई, मला आजवर पुष्कळांनी मान दिला. इतकं लाजवलं कुणीच नाही.

तुमचा मुलगा ठणठणीत आहे. त्याच्या छातीत काही नाही. रात्री निवांत झोपा.

किशनरावांशी मी अजून बोललेलो नाही. वैजीनाथच वाजवील असं उद्या सांगू, असं रोज म्हणतो आणि रोज संध्याकाळी घरी येतो. म्हणून आधी तुम्हाला लिहितो. तुम्हाला एकदा सांगून बसलो की मागं फिरायला मला तोंड राहणार नाही.

पण हे पत्र वैजीनाथ वाचणार. तो मधलं सगळं गाळून "मास्तर खुशाल हायेत, काढा बंद करा म्हणायलेत" एवढंच सांगेल. ही ओळही गाळेल. म्हणून येत्या शुक्रवारच्या सुट्टीला मी स्वतः कार्नेट घेऊन पेडगावला येतो. तुमच्या दारात उभा राहून हेच सगळं सांगेन. पाणी दिलंत तर पिईन. नाही दिलंत तर तेही बरोबरच आहे.

वैजीनाथा, बोलताना मी अडखळलो, तर या खेपेला खोकू नकोस.

तुम्हा दोघांचा अपराधी,
दिनकर