क्लॅरिनेटचं पान

इंदोरा, नागपूर
दि. १३ फेब्रुवारी १९७९

प्रिय रुपरावदादास,
जयवंताचा सप्रेम जयभीम.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटून बघशील, म्हणून सांगते, मीच आहे. खापरखेड्याची हवा तुला मानवते का? वहिनीचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी ओसरली. शाळेत मी अजून पेटीच शिकवते. संगीताच्या मध्यमा परीक्षेला बसणाऱ्या तीन मुली आहेत, त्यांना स्नेहसंमेलनात वाजवायला मी यमनची गत आणि दोन सिनेमाची गाणी तिघींपुरती बसवून दिली. बरं वाजवलं त्यांनी.

यांना, म्हणजे तुझ्या देवरावांना, धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं आहे. उद्या वीस दिवस होतील. डाव्या अंगाला लकवा मारला. बोलतात, पण शब्द जड येतात. डावा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, चालतील. व्हायोलिनचं मी विचारलंच नाही.

मी शाळेतून तिकडे जाते, तिथून घरी येते, स्वयंपाक करते, परत जाते. बाकावर बसल्या बसल्या डोळा लागतो. तक्रार नाही, फक्त थकले आहे. थकल्यावर माणसाला मनात दाबून ठेवलेलं धरवत नाही, म्हणून लिहिते.

तुला रेडिओच्या ऑडिशनचं ते वर्ष आठवत असेल. तू, हे आणि मी, आपण तिघं विहारात, लग्नात वाजवत होतो आणि पहिल्यांदाच मोठ्या ठिकाणचं बोलावणं आलं होतं. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. तालमीला बसलो, तू तुझं स्वरलिपीचं पान उघडलंस. आलापीचे सगळे लांब तुकडे व्हायोलिनकडे गेलेले. तुला मुखडा, आणि बाकी वेळ खालचा सा.

"माह्या वाट्याले नुसता सा धरून बसनं? हे कोनं लिहिलं गा?" तू यांनाच विचारलंस. मी खाली बघत पेटीचा भाता बंद करत होते.

"म्या लिहिलं," हे म्हणाले.

तू क्लॅरिनेट खोक्यात ठेवलंस आणि चपला घालून गेलास. आम्ही दोघं ऑडिशनला गेलो नाही. पुढच्या महिन्यात तू कापडाची मिल सोडून खापरखेड्याला वीजघरात लागल्याचं दुसऱ्याकडून कळलं.

दादा, ते मी लिहिलं होतं. यांना त्या दिवशी सकाळपर्यंत माहीतही नव्हतं.

मिलमधल्या कापसाच्या धुळीनं तुझा दम तुटत होता. तार सप्तकात जाताना तू मध्येच श्वास घ्यायचास आणि लय सांडायची. तुला ते कळत नव्हतं, किंवा कळूनही बोलत नव्हतास. तुझी फजिती होऊ नये म्हणून मी लिहिलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला रेडिओवर वाजवायचं होतं. तुझ्यामुळे ते जाईल, याची भीती वाटली. तुझ्याजवळ बसून हे बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पानावर लिहून मोकळी झाले.

परवा दुपारी यांना पेज भरवताना मी विचारलं, "तेव्हा माझं नाव काहून नाही घेतलं?"

उजव्या हातानं त्यांनी वाटी बाजूला सारली. म्हणाले, "मित्र गेला तं गेला. तुहा भाऊ नव्हता जायले पाहिजे."

भाऊही गेलाच. तुझ्या घरी मी कधी आले नाही, कारण तू यांना शिव्या दिल्या असत्यास आणि मला ऐकून घ्याव्या लागल्या असत्या. खापरखेडा काही लांब नाही. बसमध्ये बसायला अकरा वर्षं पुरली नाहीत मला.

यांनी तुला बोलावलेलं नाही, पत्र लिहिते आहे हेही त्यांना ठाऊक नाही. पण खोलीत कोणी आलं की ते आधी दाराकडे बघतात आणि मग भिंतीकडे तोंड करतात. मी कोणाची वाट बघता म्हणून विचारत नाही.

दुपारी चार ते सहा भेटू देतात. त्या वेळेला मी बाहेर थांबेन. माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. त्यांच्याशी बोल.

खाली बहीण म्हणून सही करायला हात धजत नाही. ते तू ठरव.

जयवंता