फळीवरची सीट

६ जानेवारी २०१९, रविवार
आंधळगावला जाऊन आलो. धाकट्या बहिणीकडे, वनिताकडे. पूर्वी तिच्याकडे जायला निमित्त शोधायचो, आता न जायला शोधतो. तिचा नवरा, आमचा जावई सुधाकर, ओसरीत खाटेवर. कमरेखाली अजून काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.
दिवाळीनंतर ट्रकमध्ये धानाचे कट्टे, पोती भरून निघाला, लाखनीच्या अलीकडे उभ्या ट्रेलरवर गेला आणि काच फोडून बाहेर पडला. जिवंत आहे हेच खूप, असं सगळे म्हणतात. आज त्याची आई पुन्हा तेच बोलली. "बेल्ट लावला असता त आज पायानं चालत राहिला असता. पण याले मस्ती." वनितानंही री ओढली. "किती डाव सांगतलं होतं मी यायले."
सुधाकर भिंतीकडे बघत राहिला. मी पोहे खात राहिलो.
त्या गाडीत बेल्ट नव्हताच. मी कापला होता. हे फक्त त्याला आणि मला माहीत आहे. तो बोलत नाही आणि मी तर

८ जानेवारी
लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.
दसऱ्याच्या आधी ती गाडी माझ्या दुकानात सीटकव्हरला आली. मालकाची फर्माईश : लाल रेक्झिन, जाड फोम, सोनेरी झालर, ड्रायव्हरची सीट उंच. मी नेहमीचं केलं. खाली साल लाकडाच्या दोन फळ्या, त्यावर सीट, लांब बोल्ट. बेल्टचा पट्टा कव्हरला आडवा येतो, फिटिंगला चुण्या पडतात, म्हणून मुळापासून कापला. कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं कापतोय. आमच्या शहापूरच्या रोडवरचे सगळेच कव्हरवाले कापतात. पट्टा मजबूत असतो, लोक टाकी बांधायला नेतात. माझ्या मोटरसायकलवर फोमचे गठ्ठे बांधायला तोच आहे. आज सकाळीच बांधला आणि मग रस्त्यातच सोडून सुतळी लावली.
दोन दिवसांनी सुधाकर दुकानात आला होता. "भाऊ, बेल्ट कुठी गेला जी?" मी हसलो. म्हणालो, "कोण लावते जी तो? पोलीस दिसला त दुपट्टा आडवा टाका ना." तोही हसला. चहा घेतला, गेला.
त्याने विचारलं होतं. हीच गोष्ट गिळता येत नाही.

११ जानेवारी
एका नव्या मोठ्या ट्रेलरची सीट शिलाईला आली. तिचा बेल्ट दाराच्या खांबाला नाही, सीटच्या पाठीतूनच निघतो. सीट वर-खाली, पुढे-मागे कशीही करा, पट्टा सोबतच. आणि पाठ फाडल्याशिवाय तो कापता येत नाही. ज्याने बनवली त्याला माझ्यासारखे लोक माहीत असावेत.
दुपारभर उघडून बघत बसलो. कागदावर काढलं. आपल्या जुन्या गाड्यांसाठी अशी करता येईल का? शेजारच्या इस्माईलभाईला दाखवलं, आमचा वेल्डर. तो म्हणाला, "बंडूभाऊ, ये सब किसके वास्ते?" मी म्हणालो, जावयाचं झालं तसं कोणाचं होऊ नये म्हणून. त्याने खांद्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता.

१७ जानेवारी
फ्रेम झाली. पाठीच्या आत जाड चौकोनी पाईप, वर पट्ट्याची वाट, खाली एका बाजूला पक्कं टोक, दुसऱ्या बाजूला पट्टा अडकायची कुंडी, म्हणजे बकल. पट्टा आणि तो गुंडाळणारं रीळ नवीन आणले. फोम कमी केला, मऊ गादीत माणूस पट्ट्याखालून घसरतो असं जवळच्या पॉलिटेक्निकचे सर म्हणाले. सर रोज येता-जाता थांबतात आता. "बहिणीच्या दुःखातून केलेलं काम आहे हे," असं कुणाला तरी फोनवर सांगत होते. मी ऐकलं आणि मान खाली घालून टाके घालत बसलो. खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. थू माझ्यावर.

१९ जानेवारी
ओढून बघितली. एका भंगार केबिनमध्ये बसवली, पट्ट्याला साखळी, साखळी ट्रॅक्टरला. इस्माईलभाई ट्रॅक्टरवर. दहा-पंधरा ड्रायव्हर जमले, टिंगल चालली होती, मीही हसत होतो.
पट्टा तुटला नाही. फ्रेम वाकली नाही. अख्खी सीटच उपटून बाहेर आली, मागे फळीची ढलपी लोंबत.
इस्माईलभाई उतरून आला. "बेल्ट सीट में, तो पूरा जोर सीट पे. और सीट किसपे? तेरी फल्ली पे."
फळी मी सवयीने टाकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सीट उंच म्हणजे फळी, इतकं ते हातात बसलंय की डोक्यापर्यंत येतच नाही. बेल्ट कापला तोही असाच.

२० जानेवारी
झोप नाही. शहापूरपासून साकोलीपर्यंत किती गाड्यांत माझ्या फळ्या असतील? वही काढून बसलो, नावं आठवली तेवढी लिहिली. मग थांबलो. त्यातले निम्मे ड्रायव्हर मला भाऊ म्हणतात.
फोन करायला हवेत. आज एकच केला, फळी काढून देतो म्हणालो. तो म्हणाला, "काहून काढता भाऊ फळी? मस्त दिसते ना रस्ता." मी काहून ते सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, या एकदा.

२७ जानेवारी, रविवार
फळी बाद. लोखंडी स्टँड, केबिनच्या तळातून आरपार बोल्ट, तळाखाली जाड पत्र्याची पट्टी. पुन्हा ट्रॅक्टर. भंगार केबिनचं अख्खं धूड सरकलं, सीट जागची हलली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
सर म्हणाले, ट्रॅक्टर म्हणजे परीक्षा नव्हे. नीट प्रयोगशाळेत तपासून, मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही चालत्या गाडीत बसवायची नाही. बरोबर आहे. पण नमुना म्हणून दाखवायला हरकत नाही. ६ तारखेला मोहाडीला रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे, तिथे सीट ठेवायची आणि माझा सत्कार. शाल, नारळ. "चार शब्द बोला, बंडूभाऊ. मनातलं बोला."
मनातलं!
नाही म्हणालो नाही.

३ फेब्रुवारी, रविवार
सीट स्टँडसकट टेम्पोत घालून आंधळगावला नेली. सुधाकरनेच निरोप दिला होता, बसून बघतो म्हणून. वीस टन घेऊन फिरलेला माणूस, त्याला कळतं ते सरांना नाही कळायचं. इस्माईलभाईने आणि मी उचलून ओसरीत सीटवर बसवला. पाय माझ्या हातात होते. इतके हलके.
त्याने पट्टा ओढला, कुंडीत घातला. खट्. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितला.
वनिता चुलीपासून उठून आली, हात पिठाचे. बघितलं आणि तिचा चेहरा एकदम फिरला. "पाहा. एवढंच त करा लागत होतं. एक हात. तेवढं बी नाई झालं तुमच्यानं."
त्याने मान खाली घातली. पट्ट्यात बांधलेला, भिंतीकडे वळताही येईना त्याला.
मी म्हणालो, "वनिता, यायच्या गाडीत बेल्ट नव्हताच. मी कापला होता."
ती म्हणाली, "दादा, तू यायले वाचवू नको."
विश्वासच नाही बसला तिचा. भावावर इतका भरवसा. मग सगळं सांगावं लागलं. कव्हर, कात्री, दोन दिवसांनी त्याचं येणं, माझं हसणं, दुपट्टा. तिची सासू आतून येऊन दारात उभी राहिली.
वनिताने त्याला विचारलं, "तुमाले मालूम होतं?"
"हो."
"मंग तीन महिने आयकून कायले घेतलं?"
"तुझा भाऊ हाये ना."
ती त्याला सोडवायला गेली. बटण सापडेना, पिठाने बोटं निसटत होती. मी पुढे झालो.
"हात नको लावू, दादा."
तोच तिला हळू सांगत होता, लाल आहे ते दाब, खाली, अजून खाली. सुटलं. मग त्याला खाटेवर घ्यायला तिने इस्माईलभाईला बोलावलं आणि शेजारच्या माणसाला. मला नाही. मी अंगणात उभा.
परत येताना मोहाडीला इस्माईलभाईने टेम्पो थांबवला. मग म्हणाला, "चाय पिएगा?" प्यायलो. सीट तिथेच राहिली, तिचा विचारच सुचला नाही.

४ फेब्रुवारी
शोभाला सांगितलं. बायकोला तरी आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "वनिताच्या सासूची मी माफी मागू का तू मागशीन?" मी मागेन म्हणालो. अजून मागितली नाही. उद्या.
वहीतल्या आणखी चार ड्रायव्हरांना फोन केले. आज काहून ते सांगितलं. एकाने शिवी दिली. बरं केलं.

५ फेब्रुवारी
सकाळी सरांचा फोन, सीट दुपारी हॉलवर पोचवा, उद्या गर्दी असेल. हो म्हणालो. सुधाकरला फोन लावला, टेम्पो पाठवतो म्हणालो.
"भाऊ, नका पाठवू. वनिता म्हणते, सीट नेऊ नका."
"काहून?"
"मले बी नाई सांगत. तेवढं बोलली, बाकी बोलतच नाई. तुमच्याशी नाई, माझ्याशी बी नाई." थोडा थांबला. "पण सकाळी पुसून ठेवली तिनं. शेजाऱ्याले बोलावून बसवते मले तिच्यावर, बेल्ट लावते, आन् जाते."
त्यानेच फोन ठेवला.
शोभाने पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय. म्हणते, जाणार असशील तर जा, पण तिथं खोटं बोलून येऊ नको. उद्या अकराला मोहाडी. सर आधी हेच विचारणार, सीट कुठे आहे. ती का नाही हे सांगायचं तर सुरुवात दसऱ्यापासून करावी लागेल, माईकवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, आणि एकदा तोंड उघडलं की मग वीस वर्षांचे सगळे पट्टे, सगळ्या फळ्या सांगाव्या लागतील. वहीतलं नावांचं पान फाडून शर्टाच्या खिशात ठेवलं.