आकाशी शर्ट, नेव्ही ब्लू पँट

९ डिसेंबर, अकोला
शिंप्याकडून अंपायरचा ड्रेस आणला. आकाशी शर्ट, नेव्ही ब्लू पँट. आरशात पाहिलं. स्टेट लेव्हल वाटतो. शनिवारी अमरावतीला मुलींची विभागीय सॉफ्टबॉल स्पर्धा. निरीक्षक महादेवराव येणार. राज्य स्पर्धेचे अंपायर तेच निवडतात. संकल्प : नियमात कोणालाच सूट नाही.

११ डिसेंबर
अडचण. मास्कच्या आत चष्मा मावत नाही. बायको, सीमा, म्हणाली, मोठा मास्क घ्या. मोठ्या मास्कमध्ये माणूस वेल्डर दिसतो. चष्माच काढला. कॅलेंडरवरच्या तारखा दिसत नाहीत. पण तारखा हलत नसतात, बॉल हलतो. हलणारी गोष्ट दिसते. सीमाला समजावलं. तिनं चष्मा पुसून डबीत ठेवला. पटलं असावं.

१३ डिसेंबर, अमरावती. सकाळी
अंजनगाव विरुद्ध धामणगाव. आधी तपासणी. शर्ट खोचायला लावले, कानातले काढवले. अंजनगावची कॅचर प्रतीक्षा, खेळताना माझ्या पुढ्यातच बसणार. तिचा लेगगार्ड सुतळीनं बांधलेला. हरकत घेतली. म्हणे, सुतळी नवीन हाय सर. तिच्या कोच देवमन सरांनी धावपळ करून पट्टा आणला. महादेवराव लांबून पाहत होते. बहुधा माझ्या पँटची क्रीज.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बॉल अपेक्षेपेक्षा जोरात येतात. आवाजावरून निर्णय दिले : कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फट् वाजलं की स्ट्राइक. न मारलेला प्रत्येक बॉल ग्लोव्हमध्येच जातो, हे उशिरा लक्षात आलं. तोवर धामणगावच्या बाकावरून आरडाओरडा. प्रतीक्षा हळूच म्हणाली, बाहेर होता सर. मी तेच ठरवत होतो.

शेवटच्या डावात बरोबरी. धामणगावची मुलगी धाव पूर्ण करायला होमवर घसरत आली, प्रतीक्षानं बॉल अंगाला लावून टॅग केलं. धूळच धूळ. सारं मैदान माझ्याकडे पाहू लागलं. मी रुबाबात वाकलो. विचारलं नाही, फक्त प्रतीक्षाकडे तोंड केलं. म्हणाली, सेफ हाय सर. बॉल सुटला माह्या हातून.

सेफ दिला. अंजनगाव हरलं. देवमन सर तिच्यावर ओरडले, तू काहून बोलली? ती लेगगार्ड सोडत रडत होती. दिसलं नाही, ऐकू आलं. जवळ जावंसं वाटलं. पण अंपायरनं खेळाडूंशी बोलू नये.

१४ डिसेंबर
निर्णय अचूक होता. वाद नाही. तरी झोप लागली नाही. गादी नवीन आहे. महादेवराव निघताना एवढंच म्हणाले, ड्रेस झकास हाय बुवा. म्हणजे बाकी दोष नसणार.

१९ डिसेंबर
महादेवरावांचा फोन! राज्य स्पर्धेबद्दल. विचारलं, कंबर किती? सांगितली. शर्टाचं माप? तेही सांगितलं. म्हणे, वा, बराबर बसते. अंपायर म्हणून चांदूर रेल्वेचे खुशालराव ठरले. त्यांचा ड्रेस शिंप्याकडेच अडकला. तुमचा पाठवता का?

सीमाला सांगितलं, आपला ड्रेस राज्य स्पर्धेला चालला. तिनं विचारलं, अन् तुमी?

इस्त्री तापली होती. आधी पँट घेतली.