कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा

प्रिय ठमे,

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसती 'हं हं' करत होते. एरवी तुला बोलू न देणारी मी! पोलीस तुझ्या भावाचा मोबाइल आणि कॉम्प्युटर घेऊन गेले, तक्रार कुणाची ते सांगेनात, कुणाच्या डोळ्यांत खुपतोय गं माझा भाऊ, असं तू विचारत राहिलीस. मला उत्तर ठाऊक होतं, पण जीभ रेटेना. म्हणून हे लिहून ह्यांच्या हाती पाठवतेय. सगळं वाच, मध्येच फाडू नकोस.

आधी आमच्या लेकीचं सांगते. शाळेचा नवा गणवेश तिच्या अंगावर घालून बघत होते, तर कंबर दोन बोटं सैल. मुलं वाढतात गं, आटत नाहीत. तोंडात टाचण्या धरूनच मी विचारलं, जेवत नाहीस की काय? त्यावर ती जी रडायला लागली, ती थांबेचना. चित्रांच्या एका ॲपवर तिला मैत्रीण मिळाली होती, म्हणे तिच्याच वयाची. आधी चित्रांचं कौतुक, मग 'मी माझी खोली दाखवते, तू तुझी दाखव'. मग हिचा फोटो. एक पाठवल्यावर आणखी हवे, तुला सांगता येणार नाहीत असले हवे, 'नाहीतर पहिला शाळेच्या ग्रुपवर टाकीन'. पोर हे सगळं एकटी गिळत होती आणि मी शेजारच्या खोलीत मशीन चालवत होते.

ह्यांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळं पुसून टाक, सिमकार्ड मोड, विषय संपला. मलाही तेच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी पुसायलाच घेतलं होतं, लेकीने हात धरला. शाळेत सांगितलंय म्हणे, घाबरून काही पुसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, मोठ्यांना सांगून तक्रार करायची. तू मोठी आहेस ना, असं वर मलाच ऐकवलं. गेलो मग तिघं.

सायबर पोलिसांकडे साध्या कपड्यांतल्या एक बाई होत्या. त्यांनी आधी तिला सांगितलं, तुझी काही चूक नाही, आणि मग आम्हाला, बरं झालं पुसलं नाहीत. एकेक मेसेज बघता बघता त्या 'मैत्रिणी'च्या खोलीचा फोटो आला. खिडकीला निळ्या उभ्या रेघांचा पडदा, आणि खाली वीतभर आडव्या रेघा. कापड कमी पडलं म्हणून मीच जोडलेला तुकडा, ठमे. उंदराने कुरतडलंय म्हणून तू हसलीस आणि तरी भावाच्या कोपऱ्यातल्या खोलीला लावलास. सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात, म्हणून मी पुन्हा पुन्हा बघितलं. पण माझी शिवण मी ओळखते. आणि लेकीच्या मोबाइलवर ते ॲप त्यानेच तर घालून दिलं होतं.

गप्प बसता आलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याची पहिली फुलपँट मी शिवलीय, त्याला धाकटा भाऊ मानत आले. पण लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तुझा पत्ता सांगितला. तक्रार माझी आहे आणि तू पाया पडलीस तरी मी ती मागे घेणार नाही. तो निर्दोष निघाला, तर तुझ्या दारात येऊन माफी मागेन. तू मला तोडशील ह्या विचाराने काल फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

पण तक्रार कुणाची, हे तुला आज ना उद्या कळलंच असतं. पत्र त्यासाठी नाही. तुझी लेक रोज संध्याकाळी त्याच खोलीत मामाकडे अभ्यासाला बसते, आणि मामा अजून घरातच आहे. गेल्या खेपेला मी तिच्या फ्रॉकचं माप घ्यायला गेले, तर ती मला अंगाला हात लावू देईना. लाजते म्हणून आपण दोघी हसलो होतो. आज तिला जवळ घे. दार लावून, हळू आवाजात विचार. ओरडू नकोस, तिच्यासमोर रडूही नकोस, नुसतं ऐकून घे. मला काय शिव्या घालायच्यात त्या नंतर घाल. आधी तिला विचार.

तू म्हणू दिलंस तर, अजूनही तुझीच,
कात्री