पलंग ते न्हाणीघर, अकरा पट्ट्या

४ मार्च

दुकानाचे मालक आले होते. बाबांची कापड कापायची कात्री परत द्यायला. बाबांचं काम सुटल्यापासून सहा वर्षं ती तिथेच खिळ्याला टांगलेली होती. म्हणाले, "मास्तरांच्या हातून वीतभर कापड कधी वाया गेलं नाही." मग आईला तेच, जे सगळेच विचारतात — "पडले कसे?"

"तोल गेला," आई म्हणाली.

मी उठून बाहेर गेलो. दार आपटलंच.

६ मार्च

माझ्या मैत्रिणीचा फोन. सात वेळा. उचलला नाही. आठव्यांदा यावा म्हणून तासभर फोनकडे बघत बसलो — हाही गाढवपणाच.

७ मार्च

पार्किन्सन्स हा शब्द बाबांनी कधी उच्चारला नाही. "आमचे पाहुणे" म्हणायचे. "आज पाहुण्यांनी लवकर उठवलं." हात फार थरथरला की आईला सांगायचे, "पीठ चाळायचं असेल तर आण, चाळणी घरचीच आहे." मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं, तेव्हा घरी येऊन सगळ्यांनी अक्कल शिकवली. बाबा एवढंच म्हणाले, "माझा हात थांबत नाही, तुझं तोंड थांबत नाही. बसू दोघं घरी."

हाताचं काही नव्हतं. खरा छळ पायांचा. चालता चालता जमिनीला खिळायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, जमिनीवर आडव्या रेषा आखा; ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. मी पिवळी चिकटपट्टी आणली. बाबा म्हणाले, "माप मास्तर घेणार." खाली बसून त्यांनी शिंप्याच्या निळ्या खडूने खुणा केल्या, मी खुणेवर पट्टी चिकटवत गेलो. पलंग ते न्हाणीघर, अकरा. त्या दिवशी एकदाही न अडता चालले. आई तोंडाला पदर लावून दारात उभी.

१० मार्च

लिहायचंच आहे तर लिहितो.

ती पहिल्यांदा घरी येणार होती, त्या दुपारी मला त्या पट्ट्यांची लाज वाटली. घर कसलं, बस डेपो! सगळ्या खरवडून काढल्या. बाबा पलंगावरून बघत होते. "काढ, काढ. घर घरासारखं दिसू दे. रात्री लाव म्हणजे झालं."

ती आली. बाबांचा आवाज तेव्हा पार खोल गेलेला, तरी तिला दोनदा हसवलं. मग मी तिला सोडायला गेलो आणि पुलावर बसून राहिलो. घरी आलो ते हवेतच. पट्टीचं भेंडोळं खिशात. तसाच झोपलो.

सकाळी सहाला आईची हाक. बाबा न्हाणीघराच्या वाटेवर आडवे. खुब्याचं हाड मोडलेलं. मग छातीत कफ. सतरा दिवस काढले, मग गेले.

तोल गेला म्हणे.

१३ मार्च

ती रस्त्यात समोर आली. "माझं काही चुकलं का? एवढं तरी सांग." तिचं काय चुकणार? तिच्यासमोर दोन तास झोकात दिसावं म्हणून मी बापाच्या पायाखालची वाट उचलली, हे कुठल्या तोंडाने सांगू? "जा तू," म्हणालो. ओरडलोच. गेली. वळणापर्यंत तिच्या चपलांचा आवाज ऐकत उभा राहिलो.

१४ मार्च

उद्या आईला सांगणार. मग घरात ठेवायचं की हाकलायचं, तिचं ती ठरवेल.

१५ मार्च

सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. "माहीत आहे," म्हणाली. कपाटातून निळ्या खडूचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. "मी दूध घेऊन आत आले तेव्हा हा त्यांच्या मुठीत होता. तुला उठवलं नाही त्यांनी. पलंगापासून वाकून वाकून स्वतःच रेषा ओढत निघाले होते. तीन पुऱ्या, चौथी अर्धी. मी उचलायला धावले तर म्हणाले, आधी त्या पूस, मग त्याला हाक मार."